दिवा लागला नव्हता

चौकात सिग्नलला गाडी थांबली होती आणि डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला. झालं एवढंच. इंजिनाचं ते छोटंसं चित्र पिवळंधमक पेटलं आणि मला हसू फुटलं. साधंसुधं नाही, चांगलं पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. शेजारच्या स्कूटरवरच्या बाईने माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या मागे बसलेल्या मुलीकडे बघितलं आणि स्कूटर हातभर लांब घेतली. सिग्नल हिरवा झाला, मागचे लोक हॉर्न बडवायला लागले, तरी माझं हसू काही आवरेना. गेले तीन महिने झाडून सगळे मला एकच सांगत होते, की बाई गं, दिवा लागला होता असं म्हण आणि सूट. आणि आज दुपारी चौकशी समितीपुढे उभं राहायचं, तर आजच सकाळी माझ्या या खटारा गाडीने खराखुरा दिवा लावून दाखवला. विमानात लागायचा तो लागला नाही आणि इथे भाजीबाजाराच्या चौकात लागला.

गाडी कडेला घेतली, पुढच्या गल्लीतल्या गॅरेजवाल्याला बोलावून आणलं. त्याने बोनेट उघडून आत डोकं घातलं, काहीतरी हलवलं आणि म्हणाला, "काही नाही ताई, तार सैल झालीय. बिनधास्त चालवा." तार! मला पुन्हा हसायला येणार होतं, पण यावेळी आलं नाही. विमानात दिवा लागला की आधी पोटाला कळतं, मग डोक्याला. माझ्या सगळ्या नोकरीत तो खरा लागला दोनदा. एकदा ढगांच्या वर असताना, तेलाचा दाब पडला तेव्हा. तोंडाला कोरड पडली होती, जीभ टाळूला चिकटली होती, आणि हात मात्र आपापली कामं करत होते, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते. जमिनीवर आल्यावर मी चाकाला टेकून बसले. त्या दिव्याने मला दोनदा जिवंत परत आणलं आहे. त्याच्या नावावर खोटं खपवायचं म्हणजे ज्या डॉक्टरने जीव वाचवला त्याचीच खोटी सही करून रजा काढण्यासारखं. मी गॅरेजवाल्याला पैसे दिले आणि ऑफिसला आले.

'दिवा लागला' म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण बाहेरच्यांना यातलं काही ठाऊक नसतं. वर्ष संपत आलं की हवाई दलातल्या आमच्या तुकडीच्या वाट्याचे उड्डाणाचे तास शिल्लक असतात. ते शिल्लक ठेवून चालत नाही. ठेवले तर वरचे म्हणतात, यांना गरजच नाही, आणि पुढच्या वर्षी कात्री लावतात. म्हणून शेवटच्या महिन्यात प्रमुख सांगून टाकतात: कुठेही जा, पण इंधन जाळून या. मार्ग ज्याचा त्याने आखायचा, सराव म्हणून. आता माणूस आहे, त्याला मोकळं आकाश दिलं तर तो कुठे जाणार? ज्याची बायको माहेरी त्याचा सरावाचा मार्ग नेमका सासुरवाडीवरून जातो. ज्याला समुद्राचं वेड त्याला समुद्राकाठचंच विमानतळ दिशा शोधायला अवघड वाटतं. आणि जिथे उतरायची परवानगी नाही तिथे उतरायचं मनात असेल तर रेडिओवर सांगायचं, दिवा लागलाय, खबरदारी म्हणून उतरतोय. खबरदारीला कोण नाही म्हणणार? खाली दोन-तीन तास काढायचे, कुणाच्या तरी लग्नात जेवून यायचं, मग परत उडायचं. तळावरचा मेकॅनिक तार सैल होती असं सांगतो, आवळली असं सांगतो, आणि त्याच्या घरी एक बाटली पोचते. सापही मेला आणि काठीही शाबूत. "काय रे, रविवारी येतोयस ना?" "बघू, दिवा लागला तर." असं आमच्याकडे सर्रास, मोठ्याने, जेवणाच्या टेबलावर बोलतात.

आणि हे फक्त पोरासोरांचं नाही. आजच्या समितीचे अध्यक्ष पूर्वी आमच्या तळाचे प्रमुख होते. त्यांची बदली झाली तेव्हा त्यांचा सोफा मालवाहू विमानातून मीच पोचवला. विमानाच्या दारातून आत जाईना म्हणून सोफ्याचे दोन्ही हात सोडवावे लागले होते. प्रशिक्षणासाठी वजन म्हणून तो चढला, पट्ट्यांनी आवळून बांधला गेला, आणि तो खाली उतरल्यावर साहेबांच्या बाईसाहेबांनी मला स्वतः फोन केला, की एक ओरखडा नाही, कमाल आहे तुमची. मला तेव्हा बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोलू, अगदी छान वाटलं होतं. दादा म्हणतो हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. माझा भाऊ तो, त्याला असंच वाटणार. पण मी काही संन्यासी नाही, हे मी आधीच सांगून ठेवते. मी उतरले. मला उतरायचं होतं म्हणून उतरले. फरक एवढाच की मी रेडिओवर दिव्याचं नाव काढलं नाही. अमुक ठिकाणी उतरते आहे, एवढंच सांगितलं, आणि का ते कुणी विचारलं नाही. नंतर बोंबाबोंब झाल्यावर तो दिवा कंट्रोलवाल्याने पदरचा घातला. माझ्यावरच्या प्रेमानेच घातला.

सध्या माझं उडणं बंद आहे आणि मला मुख्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर बसवलं आहे. काम काय, तर अतिथिगृहांच्या उशा आणि चादरी. कुठल्या फाटल्या, कुठल्या मागवायच्या. माझ्या खिडकीतून समोरच्या इमारतीचे पाइप दिसतात आणि एका पाइपावर कबुतरांनी केलेली घाण दिसते. आकाश दिसत नाही, याचं पहिल्या आठवड्यात मला बरंच वाटलं. मग एके दिवशी दुपारी इमारतीवरून काहीतरी गेलं. मी चादरींवरून मान वर केली आणि मला कळेना की ते कोणतं विमान होतं. आवाजावरून ओळखता येईना. पूर्वी झोपेत ओळखायचे, कूस न बदलता. त्या दिवशी मला जी भीती वाटली ती तेलाचा दाब पडला तेव्हाही वाटली नव्हती. मी खुर्चीतून उठून गॅलरीत धावले, पण तोवर ते गेलं होतं. माझ्याजवळ दुसरं काही नाही. लग्न मोडून जमाना झाला, घर भाड्याचं, छंद कसला लावून घेतला नाही. उडते, ही एकच गोष्ट मला माझ्याबद्दल सांगता येते. आज दुपारी मी 'हो, दिवा लागला' म्हणाले तर पुढच्या महिन्यात मी पुन्हा वर असेन. नाही म्हणाले तर उशा.

अकराच्या सुमाराला दादाचा फोन आला. आमच्या गावात त्याचं औषधांचं दुकान आहे, आई त्याच्याकडे असते. मागे गिऱ्हाइकांचा आवाज येत होता.

"ऐक. आज डोकं चालवायचं नाही. फक्त 'हो' म्हणायचं. दिवा लागला? हो. उतरलात? हो. की संपलं."

"आणि आई?"

"आईचं कुणी विचारलंय? आणि विचारलंच तर मी तिला नीट समजावून ठेवलंय."

"काय समजावलंस?"

"हेच, की ती विमानात बसली नाही. विमान जवळून बघितलं, हात लावला, बास. उद्या कुणाचा फोन आला, कुणी घरी आलं, तर तेवढंच सांगायचं."

"मग ती काय म्हणाली?"

दादाने कुणाला तरी गोळ्या जेवणानंतर घ्यायला सांगितलं. मग म्हणाला, "म्हणाली, तू म्हणतोस तर नसेन बसले."

त्याला वाटलं मला पटलं. "आणि हे बघ," तो आवाज खाली आणून म्हणाला, "अगदीच गळ्याशी आलं तर सोफ्याचं काढ. झाकली मूठ आहे तोवर ठीक, पण वेळ आली तर उघडायची. त्यांची बोलती बंद होईल."

"सोफ्याच्या रांगेत मी आईला बसवणार नाही," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

तू म्हणतोस तर नसेन बसले. आई आता अशीच बोलते. समोर पायरी आहे म्हटलं की पाय उचलते, नाही म्हटलं की उचलत नाही. दुधावर साय आली का, हे दुसऱ्याला विचारते. तिला काचबिंदू आहे. डॉक्टरांनी कागदावर वर्तुळं काढून दाखवली होती: आज एवढं दिसतं, पुढे एवढं, मग एवढं. शेवटचं वर्तुळ म्हणजे पेनाचा एक ठिपका होता. दादाचा चेहरा पडला. आई म्हणाली, "नोकरीत तरी कुठे जास्त दिसायचं हो? खिडकीएवढंच." तिचा सगळा जन्म बसस्टँडच्या तिकीट-खिडकीत गेला. अर्धगोल भोक, त्यातून आत येणारे हात, बाहेर जाणारी तिकिटं. चेहरे तिला दिसायचे नाहीत. माणसं ती हातांवरून ओळखायची. बाजारात कुणी नमस्कार केला तर आधी त्याच्या हाताकडे बघायची आणि मग म्हणायची, हां, तुम्ही होय! गावातल्या प्रत्येकाला तिने कुठे ना कुठे पाठवलं आणि स्वतः कधी कुठे गेली नाही. मी या नोकरीत शिरले तेव्हा नातेवाईक मला म्हणाले, बाईच्या जातीला हे कसलं खूळ. ती म्हणाली, "मी इथवरची तिकिटं फाडली, ती पुढची फाडेल." आता तिची खिडकी वर्षावर्षाला बारीक होत चालली आहे. माझ्याशी बोलताना ती माझा चेहरा तुकड्यातुकड्याने बघते. आधी कपाळ, मग नाक, मग तोंड. सगळा चेहरा एकदम तिला दिसत नाही.

मागच्या सुट्टीत ती म्हणाली, "तुझं विमान एकदा बघायचंय गं. दिसतंय तोवर." मी म्हणाले बघू. कुटुंबीयांना तळावर बोलावतात वर्षातून एकदा, पण विमानं दोरीपलीकडे लांब उभी असतात. तिला दोरीच दिसली असती. म्हणून वर्षअखेरीला माझ्या नावावर तास लागले तेव्हा मी मार्ग आमच्या गावावरून आखला. गावाबाहेर एक जुनी धावपट्टी आहे, पूर्वी शेतांवर औषध फवारणाऱ्या विमानांसाठी केलेली. आता तिथे मोटार शिकवणारे शिकाऊ गाड्या फिरवतात. मी वरून दोन फेऱ्या मारल्या, पट्टीची अवस्था नीट बघून घेतली. खाली एक शिकाऊ गाडी घाईघाईने गवतात शिरली, आणि मी उतरले. दादा आईला मोटरसायकलवर घेऊन आलाच होता, फोनवर ठरलं होतं. पंखा थांबल्यावर ती जवळ आली आणि विमानाला हात लावून चालत राहिली, नाकापासून शेपटीपर्यंत आणि पुन्हा नाकापर्यंत, एकेक रिबिट बोटाने चाचपत. पत्रा उन्हाने तापला होता. "एवढंसंच आहे की," ती म्हणाली. मग मागच्या सीटपाशी थांबली. "इथं कोण बसतं?"

"शिकणारा."

"आज कुणी शिकत नाहीये?"

हे सगळं ओघात घडून गेलं, माझा माझ्यावर ताबा राहिला नाही, असं मला खूप लोकांनी सुचवलं आहे. मी तसं म्हणणार नाही. मला पूर्ण कळत होतं. नियम पाठ होता, आणि तो मोडल्यावर काय होतं तेही पाठ होतं. मी आईला सांगितलं, चप्पल काढ. दादा म्हणाला, "तुला वेड लागलंय का?" आणि तिच्या चपला हातात धरून उभा राहिला. पंखावर चढताना तिच्या गुडघ्यांनी कटकट आवाज केला. मी तिला पट्ट्यांनी बांधलं, मागच्या सीटचं हेल्मेट घातलं, ते तिला मोठं झालं म्हणून आत माझा रुमाल कोंबला. काहीही झालं तरी कशालाही हात लावायचा नाही, हे तीनदा म्हणवून घेतलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "मी सरकारी नोकरी केलीय, मला कळतं."

वर गेल्यावर ती कानठळ्या बसतील अशी ओरडली, "तू पुढे बघ!"

"पुढेच बघतेय. हळू बोल, तोंडाशी माइक आहे तुझ्या."

मी गावाभोवती वळण घेतलं, डावा पंख खाली केला, म्हणजे तिला त्या बाजूने दिसावं. कानात तिचा श्वास ऐकू येत होता. मग तो थांबला. "अगं," ती म्हणाली. मला वाटलं घाबरली, किंवा मळमळतंय. विचारलं, उतरू का? "नाही गं," ती म्हणाली, "सगळं मावतंय." काय मावतंय, मला कळेना. "सगळं मावतंय गं यात. स्टँड, पाण्याची टाकी, आपली आळी. ते आपलं घर ना? घर आणि स्टँड एकदम दिसतायत. एकदम!" तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. खाली तिच्या त्या उरलेल्या वर्तुळात दाराची कडी मावायची, भांड्याचा काठ मावायचा, माझं अर्धं नाक मावायचं. इतक्या वरून अख्खं गाव त्यात बसत होतं. मी उंची आणखी थोडी वाढवली, तशी नदी आली, पलीकडचा रस्ता आला, आणि ती एकेकाचं नाव घेत राहिली, ज्या ज्या गावांची तिकिटं तिने फाडली होती ती गावं बोटाने दाखवत राहिली, मी पुढे बसलेय आणि मला तिचं बोट दिसत नाही याचंही तिला भान नव्हतं. मी रडत होते. हेल्मेटच्या काचेआड हात जात नाही, त्यामुळे डोळे पुसता येत नव्हते. माझ्या इतक्या वर्षांच्या उड्डाणांमध्ये कुणाला काही उपयोग झाला असं मी एकच उड्डाण करू शकले, ते हे. लोकांच्या पैशाचं इंधन होतं, मान्य. ते त्या दिवशी जळणारच होतं, कुठेतरी माळावर, कुणासाठीच नाही. ते मी माझ्या आईसाठी जाळलं. यासाठी शिक्षा असेल तर द्यावी. पण तो दिवस सैल तारेमुळे घडला असं मी कुणाला म्हणू देणार नाही, असं मी तीन महिने स्वतःला सांगत आले आहे.

उतरलो तेव्हा गवतातल्या शिकाऊ गाडीचा मास्तर फोन उगारून उभा होता. त्याचा फोटो गावभर फिरला, मग गावाबाहेर, आणि मग एका वर्तमानपत्राने विचारलं की हे हवाई दलाचं विमान मोटारशाळेच्या मैदानात काय करत होतं. वर्तमानपत्राने विचारलं नसतं तर कुणीच विचारलं नसतं.

जेवायच्या सुट्टीत कँटीनमध्ये पक्कड भेटला. आमच्या तळावरचा मेकॅनिक. एकदा विषय पकडला की सोडत नाही म्हणून हे नाव. त्याला साक्षीला बोलावलं होतं आणि त्याने कडक इस्त्रीचा गणवेश घातला होता. चहात बिस्कीट बुडवत म्हणाला, "मॅडम, मी तार ठरवून ठेवलीय. डाव्या बाजूची. तुम्ही फक्त दिवा म्हणा, बाकी मी बघतो."

"शेरा पडेल तुमच्यावर."

"पडेल आणि वाळेल. बदल्यात घराजवळ बदली देतायत. बायको तर म्हणते, आणखी एखादी तार सैल करा." तो स्वतःच हसला. मग माझ्याकडे बघून बिस्कीट खाली ठेवलं. "काय चाललंय तुमच्या डोक्यात?"

"दिवा लागला नव्हता, पक्कड."

"ते मला सांगताय? मीच तर विमान तयार करून दिलं होतं." त्याने इकडेतिकडे बघितलं. "तुम्ही नाही म्हणालात तर मी म्हणेन मला आठवत नाही. बदली जाईल, जाऊ दे, आजवर कुठे होती? पण मॅडम, तुम्ही खाली राहून करणार काय?"

तो वाट बघत राहिला, नावाप्रमाणे. शेवटी मी म्हणाले चहा गार होतोय. त्याने तो एका घोटात संपवला आणि हात पुसत गेला.

समितीची खोली लांबट होती. टेबलावर झाकण घातलेले पाण्याचे ग्लास. मध्ये अध्यक्ष, त्यांच्या एका बाजूला कायद्याचे अधिकारी, दुसऱ्या बाजूला हिशेब खात्याच्या बाई. कोपऱ्यात कॉम्प्युटरवर टाइप करणारी मुलगी. अध्यक्षांचे केस पांढरे झाले होते. मला बघून त्यांना खरंच बरं वाटलं, ते चेहऱ्यावर दिसलं. "बसा, बसा," म्हणाले. "उगाच ताण घेऊ नका. दहा मिनिटांचं काम आहे." त्यांना सोफा आठवत असणार. मला त्यांचा राग यावा असं फार वाटत होतं, पण येईना. खोलीतलं कुणीही मला बुडवायला बसलेलं नव्हतं. सगळ्यांनी मिळून माझ्यासाठी एक पूल बांधून ठेवला होता आणि मी फक्त त्यावरून चालत जायचं होतं.

"त्या दिवशी उड्डाणात इंजिनाच्या इशाऱ्याचा दिवा लागला आणि तुम्ही खबरदारी म्हणून जवळच्या पट्टीवर उतरलात," अध्यक्ष म्हणाले. "बरोबर?"

तोंडाला कोरड पडली. जीभ टाळूला चिकटली. 'दिवा लागला नव्हता' हे तीन महिने पाठ केलेलं वाक्य ओठांपर्यंत आलं आणि तिथेच अडलं. मला पक्कडचा प्रश्न ऐकू येत होता, खाली राहून करणार काय. मला पाइपावरची कबुतरं दिसली, आणि आणखी वीस वर्षांनंतरची मी दिसले, पांढऱ्या केसांची, चादरी मोजणारी, वरून जाणाऱ्या आवाजाला मान वर न करणारी. वर जायचंय मला. एवढी एकच गोष्ट मला हवी होती, सबंध अंगाला हवी होती. मी गप्प राहिले. अध्यक्षांनी थोडं थांबून मान हलवली, माझं गप्प राहणं त्यांनी अलगद उचललं आणि हो करून टाकलं. "घ्या लिहून," ते मुलीला म्हणाले. कळांचा टकटक आवाज झाला. संपलं होतं. मला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याच क्षणी स्वतःची किळस आली, दोन्ही एकदम.

"आता एकच बारीकसा मुद्दा," कायद्याचे अधिकारी म्हणाले. त्यांनी मोठा करून छापलेला फोटो माझ्यासमोर सरकवला. मोटारशाळेच्या मास्तरने काढलेला. विमान नुकतं टेकलेलं, चाकाखाली धूळ. पुढे माझं डोकं. मागे दुसरं डोकं, हेल्मेट एका बाजूला कललेलं. हा इतका मोठा करून मी पूर्वी बघितलाच नव्हता. मागच्या काचेला आतून एक तळहात लावलेला होता, बोटं पसरलेली.

"मागच्या सीटवर हे जे काही दिसतंय," अध्यक्ष मायेने म्हणाले, "ती सामानाची बॅग असावी. बॅग पट्ट्यांनी बांधलेली आणि तिच्यावर हेल्मेट ठेवलेलं. सुटं हेल्मेट असं ठेवायची पद्धत आहेच. काचेवर उजेड पडलाय, त्यामुळे भलतंसलतं दिसतंय. बॅगच ना?"

हिशेब खात्याच्या बाईंनीही मान हलवली. बॅगच. त्या मुलीची बोटं कळांवर थांबली होती. सगळे किती चांगले होते! फक्त आणखी एकदा गप्प राहायचं होतं. मी त्या तळहाताकडे बघत राहिले. अख्खं गाव त्याला ओळखतं.

"ती बॅग नाही सर," मी म्हणाले. "माझी आई आहे ती."

अध्यक्ष खाली बघत म्हणाले, "तुम्ही दमला आहात. पाणी घ्या."

"पाणी नको. मघाचं आधी खोडायला सांगा. दिवा लागला नव्हता. विमान ठणठणीत होतं, सैल तार वगैरे काही नव्हती. मी आईला विमान दाखवायला उतरले आणि तिला वर नेऊन आणलं. कळून सवरून नेलं."

"याचा अर्थ तुम्हाला कळतोय ना?" आता त्यांचा आवाज अध्यक्षांचा झाला होता. "तुम्ही पुन्हा विमानात बसणार नाही. कधीच."

"कळतोय."

"निदान पश्चात्ताप झालाय एवढं तरी म्हणा. काहीतरी करता येईल."

"नाही झाला सर. तिला आता फार दिसत नाही. जे दिसलं ते दिसलंच नाही असं तिला सांगून ठेवलंय घरच्यांनी. आणि ती बिचारी मान्य करून बसलीय. ते मला चालणार नाही."

अध्यक्षांनी पेनाचं टोपण लावलं. कायद्याच्या अधिकाऱ्यांनी फोटो स्वतःकडे ओढून घेतला आणि जणू पहिल्यांदाच बघत असल्यासारखा बघितला. मी हात टेबलाखाली घेतले आणि मग मला तेही नको वाटलं, म्हणून पुन्हा वर ठेवले. कोपऱ्यातली मुलगी आधी अध्यक्षांकडे बघत होती. ते काहीच बोलत नाहीत म्हटल्यावर ती माझ्याकडे वळली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, मागच्या सीटवर कोण लिहू? आईंचं नाव?"

मी नाव सांगितलं. ती माझ्या वडिलांचं लावते तेवढंच नाही, माहेरच्या नावासकट पूर्ण सांगितलं, मोठ्याने, खोलीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं, आणि तिने शेवटचं अक्षर टाइप करेपर्यंत जागची हलले नाही.